रांगेतले बैल

मी हिशेबाची बाई. सांगलीत विश्रामबागेत आमचं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे आणि जुलै ते सप्टेंबर या दिवसांत मला घरातल्यांचे चेहरेही नीट दिसत नाहीत. प्राण्यांच्या संस्थेत मी शिरले ती प्राणिप्रेमापोटी नव्हे, वहीपायी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ ची) आणि गावभागातलं माझं माहेर पाण्यात गेलं. त्या आठवड्यात दहा-बारा पोरं होडीतून कुत्री, शेळ्या, रेडकं काढत होती. पाणी ओसरल्यावर त्यांच्यातला एकजण माझ्याकडे आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत नोटा आणि ओल्या चिठ्ठ्या. "ताई, लोकांनी पैसे दिलेत. किती दिलेत ते मात्र कळेना."

तिथून धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, घटना, पॅन, देणगीदारांना करसवलत देणारं ऐंशी-जी हे सगळं झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, मागतील ते कागद द्यायचे आणि मागतील त्या तारखेला पुन्हा जायचं. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात आमच्या चुका आहेत आणि त्या चव्हाट्यावर आणायला सगळ्यांची परवानगी मी घेतलेली नाही.

२०२२ च्या मे महिन्यात वर्षाचा ताळेबंद मांडला. सवयीनं मी खर्चाला जनावरवार खाती पाडली. औषधं, ऑपरेशनं, रिक्षाभाडं, बिस्किटं, सगळं धरून शंभरातले ऐंशी रुपये कुत्र्यांवर गेले होते. मांजरं आणि संक्रांतीला मांज्यात अडकलेले पक्षी मिळून दहा. उरलेल्या दहात गाई, म्हशी, बैल, शेळ्या, वीटभट्टीवरची गाढवं. कोंबड्यांच्या नावापुढं शून्य. ते शून्य लिहिताना मला काही विशेष वाटलं नाही, हिशेबात शून्यं असतातच. संध्याकाळी घरी अंडी उकडत ठेवली तेव्हा आठवलं.

जमेची बाजू बघितली की कारण लगेच दिसायचं. पाय मोडलेल्या पिल्लाचा फोटो टाकला की तासाभरात शंभर-दोनशेच्या रकमा सुरू व्हायच्या, आणि प्रत्येक जमेपुढं शेरा, 'ब्राउनीसाठी', 'त्या काळ्या पिल्लासाठी'. पुरानंतर गोठ्यांसाठी वैरण पाहिजे असं लिहिलं त्या दिवशी तीन जणांचे पैसे आले, त्यातला एक माझा भाऊ. थोडक्यात, आमचा प्राधान्यक्रम मोबाइलचा कॅमेरा ठरवत होता. आम्हाला वाटायचं आम्ही ठरवतोय.

आणि त्याच कॅमेऱ्यानं आम्हाला त्या जानेवारीत तोंडघशी पाडलं होतं.

कारखान्याच्या रस्त्याला उसाची एक टायरगाडी चालली होती. डावीकडच्या बैलाच्या खांद्यावर तळहाताएवढी जखम आणि जू नेमकं त्याच जखमेवर. आमच्या एका पोरानं फोटो काढला. बैल, जखम, चाबूक आणि गाडीवानाचा चेहरा, सगळं एका चौकटीत. फोटो पसरला. आम्ही तक्रार दिली. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, त्याच्या अकराव्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. होय, रुपये. आकडे १९६० चेच आहेत. गाडीवानानं ते भरले आणि आम्ही 'न्याय मिळाला' म्हणून पोस्ट टाकली. चार दिवस पैसे येत राहिले.

पाचव्या दिवशी आमचे पशुवैद्य डॉक्टर मला म्हणाले, "चला, त्या बैलाचं काय झालं बघून येऊ." कारखान्याच्या मागं माळावर ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या. बीडकडचं जोडपं. बाई चुलीपुढं होती, नवरा बैलाच्या खांद्याला तेल लावत होता. जखम हळदीनं भरलेली, वर करंजाच्या तेलाचा हात. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "स्वच्छ ठेवलीय." बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग बाई म्हणाली, "पन्नास रुपयाचं काई नाई ताई. पण दीड दिवस गाडी उभी ऱ्हायली, तीन खेपा बुडाल्या. मुकादमाची आगाऊ उचल अंगावर हाये. दुसरा बैल आनायचा तर आनिक उचल." भाकरी उलटून तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, तीही माझ्याकडे न बघता. फोटो गावाकडं पोचला होता. तिथं आजीजवळ ठेवलेल्या मुलीच्या शाळेतही.

आम्ही फोटो काढून टाकला, पण आमच्या पानावरून. बाकीच्यांच्या फोनातून तो आम्ही कुठून काढणार?

ऑगस्टातल्या एका रविवारी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या गच्चीवर आम्ही सगळे जमलो, पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरवायला. तोवर अशी बैठक कधी झालीच नव्हती. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारी आमची एक मुलगी कुठलंसं ऑनलाइन प्रशिक्षण करून आली होती. तिनं पांढऱ्या फळ्यावर तीन रकाने आखले. त्रास किती मोठा, म्हणजे किती जनावरांना आणि किती दिवस. त्याकडे आधीच किती जण बघताहेत. आणि आपल्या हातून त्यातलं कितपत सुटेल. जगभरच्या मोठ्या संस्था हेच तीन प्रश्न विचारतात म्हणाली. अमेरिकेत ॲनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स नावाची एक संस्था आहे, तिचं कामच दुसऱ्या प्राणिसंस्था तपासायचं, दिलेल्या पैशात कोण किती जनावरांचं किती भलं करतो ते. मला हे फार आवडलं. इतके दिवस कोणीतरी येऊन असं काहीतरी आखावं म्हणून मी वाट बघत होते की काय, कोण जाणे. मी उठून चौथा रकाना आखला, 'आपण नाही केलं तर?'

पहिला वाद अर्थातच कुत्र्यांवरून. आमचे दादा, पुरातून पहिली होडी काढणारे, रात्री दोनला फोन आला तरी उठणारे. त्यांचं म्हणणं, कुत्री सोडलीत तर संस्था कशाला ठेवता? आणि त्यांच्या म्हणण्यात जोर होता. रेबीज एकदा उठला की माणूस वाचत नाही. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगतेय. पण मी आमची बिलं काढून फळ्यावर चिकटवली. नसबंदी आणि लस, सहा कुत्री कुपवाडला, चार मिरजेत स्टेशनजवळ, तीन हरिपूर रस्त्याला. ज्याचा फोन आला त्याच्या गल्लीत. असं शिंपडल्यासारखं केलं तर कुठल्याच गल्लीत टक्केवारी जमत नाही. दहा कुत्री केलीत तोवर उरलेल्यांची पिल्लं रांगायला लागतात. शिवाय नसबंदीचा कार्यक्रम कायद्यानं स्थानिक स्वराज्य संस्थेचा. नियम तेव्हा २००१ चे होते, २०२३ ला नवे आले, पण जबाबदारी तिथंच. ठरलं ते असं की एकच प्रभाग घ्यायचा, घरोघर मोजणी करायची, तिथली लस पुरी करायची, आणि बाकी शहरातल्या फोनना नाही म्हणायचं.

'नाही म्हणायचं' हे दोन शब्द मी लिहिले आणि दादा चप्पल घालून खाली उतरले. दोन महिने आले नाहीत.

बैलगाडा शर्यतींचं नाव निघाल्यावर गच्चीवर हशा पिकला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली होती आणि प्रकरण घटनापीठापुढं होतं. तिथं दिल्ली-मुंबईचे वकील उभे होते, आमची गरज कुणाला? आणि खरं सांगायचं तर आमच्या निम्म्या देणगीदारांच्या मामाकडं नाहीतर मेव्हण्याकडं शर्यतीचं खोंड आहे. बत्तीस शिराळ्याच्या नागांचंही तसंच. जिवंत नागांच्या पूजेवर न्यायालयाची बंदी आली, तेव्हापासून नागपंचमीला वन खात्याची माणसं आणि कॅमेरे गर्दी करून असतात. तिथं तेरावा माणूस म्हणून आम्ही जाऊन काय करणार?

पुराचं काम दहा मिनिटांत मंजूर झालं, कारण ते स्वस्त होतं आणि त्याचं उत्तर आम्हाला माहीत होतं. पुरात जनावर पोहतं, बुडतं ते दाव्यामुळं. माणूस घाईत निघतो, 'पाणी इथवर येत नाही' म्हणून दावं तसंच राहतं. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ च्या जुलैला आम्ही ते डोळ्यांनी बघितलं होतं. नदीकाठच्या गावांत उंचावरच्या जागांची यादी, एका ओढीत सुटणारी गाठ शिकवायची, आणि पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलं की रिक्षावर भोंगा. भिलवडीकडचे आमचे एक काका म्हणाले, "भोंग्यात एवढंच म्हणायचं, तुमी नंतर निघा, आधी दावं सोडा." तेच ठेवलं.

मग कोंबड्या. फळ्यावरचा पहिला रकाना भरताना बाकी सगळं त्यांच्यापुढं बारीक झालं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात गाई-बैल १९ कोटींच्या वर आणि कोंबड्या वगैरे पक्षी ८५ कोटींच्या वर. दुसऱ्या रकान्यात, आपल्याकडे याकडे बघणारं कोण? जवळपास कोणीच नाही. तीन रकान्यांपैकी दोन कोंबड्यांनी खिशात घातले. पुण्याची मुलगी म्हणाली, "ताई, गणित तर झालं."

विट्याकडं माझ्या एका अशिलाचं लेअरचं, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं शेड आहे. मी त्यांचं ऑडिट करते, म्हणून आत शिरता आलं, एरवी कोणी दारात उभं करत नाही. आत गेल्यावर आधी डोळे चुरचुरतात, मग आवाज कळतो. हजारो गळ्यांतून येणारा एकच घोगरा आवाज, पाऊस पत्र्यावर पडत राहावा तसा. जाळीचे पिंजरे एकावर एक. मी टेप मागून घेतली. पंधरा इंच बाय अठरा इंच आणि त्यात चार कोंबड्या. भागाकार करून बघा, एका कोंबडीला बिलाच्या ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. एक कोंबडी दुसरीच्या पाठीवर पाय देऊन पाण्याच्या निपलला चोच लावत होती. खालचीनं मान थोडी बाजूला घेतली, बस. पंख पसरायला जागाच नव्हती. मालक माणूस वाईट नाही. कोंबडी मेली तर ते स्वतः खड्डा खणून घेतात, मी बघितलंय. म्हणाले, "मॅडम, अंड्याचा भाव रोज सकाळी एनईसीसी, आमची अंडीवाल्यांची समिती, काढते. माझ्या हातात खाद्याचं बिल तेवढं. पिंजरा मोठा केला तर माझं अंडं महाग, आणि ते घेणार कोण?"

तिसऱ्या रकान्यात आम्ही तिथंच अडलो. बाहेरच्या देशांत संस्था मोठ्या कंपन्यांच्या मागं लागतात, हॉटेलांच्या साखळ्या, मेयोनीज करणारे, बेकऱ्या. एका कंपनीनं पिंजऱ्यातलं अंडं घेणार नाही असं कबूल केलं की लाखो कोंबड्यांची व्यवस्था बदलते. सांगलीत अंड्याचं मोठं गिऱ्हाईक कोण? संध्याकाळचे भुर्जीचे गाडे. त्यांच्याकडून कसलं वचन घेणार? मतदान झालं, कोंबड्या एका मतानं पडल्या. ते मत माझं होतं. मी कारण दिलं की आपल्या हाताला इथं पकड नाही. कारण खोटं नव्हतं. पण मालक माझे अशील आहेत हेही त्यात होतं, आणि ते मी त्या दिवशी गच्चीवर बोलले नाही.

राहिले बैल. त्यांच्यावर डॉक्टरांनीच शंका काढली, "दरवर्षी गाड्या कमी होताहेत, ट्रॅक्टर आलेत, तोडणीची यंत्रं आलीत. दहा वर्षांनी हा प्रश्न आपोआप मिटेल. मरणाऱ्या प्रश्नावर आपण पैसे का घालायचे?" माझ्या चौथ्या रकान्याचाच प्रश्न होता तो. भिलवडीच्या काकांनी उत्तर दिलं, "दहा वर्षं म्हंजी बैलाचं अख्खं आयुष्य हो डॉक्टर." शिवाय पकड होती. कोंबड्यांच्या बाबतीत मालक शेकड्यांनी विखुरलेले, इथं एका कारखान्याच्या आवारात एका शेती अधिकाऱ्याच्या सहीनं शेकडो जोड्यांचा दिवस बदलतो. आणि त्या जानेवारीचं देणं होतंच, ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

उसाचा हंगाम सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस आम्ही नुसतं बघितलं. फोटो न काढता. हे पोरांना सगळ्यात जड गेलं.

१९६५ चे ओझ्याच्या जनावरांचे नियम मी छापून घेतले होते. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांनंतर विश्रांती. पारा ३७ अंशांच्या वर जात असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. टोकदार आर लावलेली काठी चालत नाही. बैलाच्या आकारानुसार आणि चाकाच्या प्रकारानुसार ओझ्याची मर्यादा. आणि कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन छापून मिळतं! पुण्याच्या मुलीचे डोळे चमकले. "पुरावा त्यांच्याच पावतीवर आहे. कोर्टात जाऊ." मी तिला बीडच्या बाईचा हिशेब मांडून दाखवला. तोडणी-वाहतुकीचे पैसे टनावर. उचल आधीच घेतलेली. ओझं कमी करा म्हटलं की खेपेमागं जे कमी पडेल ते कारखाना सोसत नाही, मुकादम सोसत नाही, ते त्या कोपीतून जातं. दर वाढल्याशिवाय ओझं कमी करा म्हणणं म्हणजे पुन्हा पन्नास रुपयांचा दंडच, फक्त मोठा. आणि दर ठरतो आमच्या आवाक्याच्या फार वर, कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्या करारात.

म्हणून गाडीवानाला एक पैसा न पडता बैलाला काय देता येईल ते शोधायचं ठरलं. ते रांगेत सापडलं. भरलेल्या गाड्या काट्यापुढं उभ्या राहतात, ट्रॅक्टरच्या मधे मधे. रांग मुंगीच्या पावलानं सरकते. दर दहा मिनिटांनी चार हात पुढं. त्यामुळं गाडीवान जू उतरवू शकत नाही. बैल उभ्या उभ्या, मानेवर अडीच-तीन टनांच्या गाडीचा पुढचा भार घेऊन, चार तास, पाच तास. एक पांढरा खिल्लार मला आठवतो. तो थोड्या थोड्या वेळानं एकेक पाय उचलून हलका करायचा, आधी पुढचा डावा, मग उजवा, बसस्टॉपवर उभी राहिलेली म्हातारी करते तसं. चालताना दिसत नाही ते उभं राहिल्यावर दिसतं.

शेती अधिकाऱ्यांना तीनदा भेटले. पहिल्यांदा, "तुम्हीच ना ते फोटोवाले?" आणि चहाही नाही. दुसऱ्यांदा त्यांनी डॉक्टरांचाच मुद्दा मांडला, गाड्या कमी होताहेत मॅडम, कशाला खर्च. तिसऱ्यांदा मी बैलांबद्दल एक शब्द बोलले नाही. पंधरा दिवसांत रांगेत बैल बसल्यामुळं किती वेळा मागचे ट्रॅक्टर अडले, कारखान्याच्या गव्हाणीवर (ऊस गाळायला टाकतात तिथं) किती वेळ ऊस कमी पडला, ते तारखेसह कागदावर नेलं होतं. ते वाचून ते बराच वेळ पेन्सिल वाजवत बसले. मग म्हणाले, "काय करायचं म्हणता?" बैलगाड्यांची रांग वेगळी. आल्याबरोबर नंबर, वीस-वीस गाड्यांना एकदम पुकारा, तोवर जुवाखाली टेकू देऊन बैल सोडायचे. पाण्याचा हौद. सावलीची जाळी. पहिल्या दोन गोष्टी पंधरवड्यात झाल्या. हौद बांधला, त्याला नळ मात्र फेब्रुवारीत आला. जाळी अजून येतेय.

खांदे तपासायची मोहीम याच्याच जोडीला. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी तिघं रविवारी यायची. खांद्याला शून्य ते तीन गुण द्यायचे, शून्य म्हणजे निरोगी, तीन म्हणजे उघडी जखम, की हंगामाच्या शेवटी काही फरक पडला का ते कळावं. पहिल्या रविवारी एकही गाडीवान जवळ आला नाही. ते वर्ष लंपी रोगाचं होतं, जनावरांचे बाजार बंद, आणि हे लोक तपासून बैल अडकवतील अशी कुणकुण. दुसऱ्या रविवारी काकांनी घरून लोणी आणि हळद आणली, एका बैलाजवळ गेले आणि न विचारता खांदा चोळायला लागले. जतकडचा एक म्हातारा गाडीवान ओरडला, "ओ, खांदेमळणी बेंदराला असती, आता कसली?" काका म्हणाले, "आज आवतण, उद्या जेवायला या." म्हातारा हसला, "उद्या कुठलं जेवन? उद्या दोन खेपा हाईत." त्यानंतर गाड्या आपणहून वळायला लागल्या. मोहिमेला नाव ठेवायची गरजच पडली नाही, टोळीतली पोरंच 'खांदेमळणीवाले आले' म्हणायची.

त्याआधीच्या जुलैत इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी केलेली युक्ती सगळीकडं गाजली होती. जुवाखाली जमिनीवर फिरणारं एक चाक, खांद्याचा भार त्यावर यावा म्हणून. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. गाडीवान बारकाईनं बघायचे, परत लावायला सांगायचे. "डांबरीवर बेस हाये," एकजण म्हणाला, "पण फडातनं गाडी काढताना सरीत ते चाक काय करंल?" दुसऱ्यानं विचारलं, "कारखाना देनार का इकत घ्यायचं?" त्यांना नको होतं असं मुळीच नव्हतं. आधी कुणाच्या गाडीला लावायचं यावर त्यांच्यात तिथंच बाचाबाची झाली.

मार्चमध्ये मोजणी जुळवली. जू मानेवर ठेवून रांगेत उभं राहण्याचा वेळ पाच तासांवरून दीडवर आला होता. त्यात खोट नव्हती, वेळा काट्याच्याच पावत्यांवरून काढल्या होत्या. खांद्यांचं मात्र असं. डिसेंबरात तपासलेल्या ७० जोड्यांपैकी २१ जोड्यांत दोन किंवा तीन गुणांचा खांदा होता. मार्चमध्ये ६७ जोड्यांपैकी २३. म्हणजे काही नाही. ओझं तेच, रस्ता तोच, हंगामाचा शीण वर. आम्ही नसतो तर आकडा ३० झाला असता असं पोरांचं म्हणणं, आणि असेलही, पण शेजारच्या कारखान्यावर कोणी मोजलं नव्हतं, त्यामुळं त्या म्हणण्याला माझ्या लेखी किंमत नाही. पुढच्या हंगामात तिथंही मोजायचं, हात न लावता, एवढं मी पदरात पाडून घेतलं.

वार्षिक अहवालात काय लिहायचं यावर पुन्हा एक संध्याकाळ गेली. 'बैलांना दिलासा' असा मथळा तयार होता. मी दोन्ही आकडे लिहिले, खांद्यांचा आधी. एका नेहमीच्या देणगीदारांचा फोन आला, "मग उपयोग काय झाला?" पुढच्या वर्षी त्यांचे पैसे आले नाहीत. दादा मात्र केव्हाच परत आले होते. एका प्रभागातली कुत्री मोजून, गल्लीवार तक्ता घेऊन, आणि रकाने माझ्यापेक्षा सरळ आखून. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, तक्ता टेबलावर ठेवतात.

आणि विट्याहून फोन आला. केंद्रानं २०२३ मध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी नियम काढले, कोंबडीमागं किमान ५५० चौरस सेंटिमीटर. मालक म्हणाले, "मॅडम, शेडमध्ये काय फरक पडतो तेवढं काढून द्या." मी टेबलावरचा ए-फोर कागद घेतला आणि पट्टीनं मोजून लांबीच्या बाजूनं साडेतीन सेंटिमीटरची चिंधी कापली. उरला तो साडेपाचशे. प्राण्यांच्या संस्थांनी मागितलं होतं ते हे नव्हे, पिंजरा राहिलाच. पण त्यांच्या पिंजऱ्यात भागिले केलं तर चारच्या तीन कोंबड्या होतात.

"म्हणजे चारातली एक कमी," मी सांगितलं.

पलीकडं थोडा वेळ नुसता शेडचा आवाज. मग, "आणि त्या एकीचं अंडं कोण भरून देणार?"

मी म्हटलं, कोण घेऊ शकेल त्याची यादी काढू, पुण्या-मुंबईचीही. हे अशिलाशी बोलले की संस्थेतर्फे, माझं मलाच ठरवता आलं नाही. कापलेला कागद आणि ती चिंधी दोन्ही टाचणीनं जोडून पुढच्या बैठकीच्या फायलीत लावलेत.